गाळवाडीचा ळ

महालिंगआप्पांना जाऊन आता वर्ष होत आलं. त्यांच्याविषयी चांगलंच लिहायचं असं मी काही ठरवलेलं नाही. माणूस हट्टी होता. घरात कमी आणि टेशनात जास्त राहिला. त्यांच्या बायकोला विचारलं असतं तर तिनं आणखी पुष्कळ सांगितलं असतं, पण तीही आता नाही. तरी आमच्या टेशनावर गाडी थांबते आणि फलाट गप्प असतो, तेव्हा मला काहीतरी चुकल्यासारखं होतं. म्हणून लिहायला बसले. मी चौथी शिकलेली आहे. ह, ळ, क्ष, ज्ञ पर्यंत सगळी अक्षरं मला येतात. या गोष्टीपुरतं एवढं शिक्षण पुष्कळ झालं. खरं तर जास्तच झालं.

परभणीहून गंगाखेडकडं जाताना आमची गाळवाडी लागते. गंगा, म्हणजे गोदावरी, पुराला आली की काळा गाळ आणून आमच्या शिवारात टाकते आणि त्या गाळावर हरभरा असा येतो की बघत राहावं. नाव त्यावरून पडलं. टेशन म्हणायचं ते सवयीनं, आहे तो हॉल्ट. एक खोली, तिला एक खिडकी, एक सिमेंटचं बाकडं, एक हातपंप आणि दोन खांबांवर पिवळा बोर्ड. सिग्नल नाही, मास्तर नाही. पॅसेंजर येते, एक मिनिट थांबते, जाते. अशा ठिकाणी तिकिटं विकायचं काम गावातल्याच एखाद्याला देतात. आमच्याकडं ते आप्पांना मिळालं होतं. गाव त्यांना मास्तर म्हणायचं. ते म्हणायचे, "मास्तर न्हाई बाबा, तिकीटवाला हाय मी."

कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, खांद्यावर टॉवेल. बांध्यानं बारीक, पण आवाज ढोलासारखा. सकाळची पूजा ते खोलीतच करायचे. पूजा चालू असताना खिडकीत कुणी आलं तर एक डोळा उघडून बघायचे आणि मिटायचे. त्या माणसानं उभं राहायचं. गाडीची शिट्टी ऐकू आली तरी पूजा सोडायचे नाहीत, पण तिकीट द्यायचं राहिलं असंही कधी झालं नाही.

आणि तोंडात एक शब्द होता. चालतंय. पाऊस लांबला, चालतंय. भाजी खारट झाली, चालतंय. गाडी तीन तास उशिरा, चालतंय. त्यांची बायको म्हणायची, "ह्यांना पुरायचा खड्डा आखूड पडला तरी हे उठून म्हणतील, चालतंय." तेव्हा आम्ही सगळ्या हसायचो.

मी या गावची लेक. लग्न होऊन सेलूकडं एका खेड्यात गेले. त्या काळी आमची लाईन लहान होती. मग लहान लाईन उखडून मोठी टाकायचं काम निघालं आणि गाडी दोन-अडीच वर्षं बंद पडली. त्या दिवसांत मी माहेरी आले ती एसटीनं. मोठी लाईन चालू झाल्यावर काही दिवसांनी निरोप आला, आईचं काही खरं नाही, ताबडतोब ये. परभणीला पॅसेंजर उभीच होती. मी बसले.

आधी आमचं टेशन ओळखायला अक्षर लागत नव्हतं. फलाटावर मोठा कडुलिंब होता. लिंब दिसला की पिशवी उचलायची. नव्या लाईनीच्या कामात तो लिंब तोडला होता. जुनी खोली पाडून नवी बांधली होती, तीही रुळाच्या दुसऱ्या बाजूला. हे मला ठाऊक नव्हतं. डब्यात दाटी होती. गाडी थांबली, मी माणसांच्या मधून बाहेर बघितलं तर समोर नवा कोरा पिवळा बोर्ड. मी वाचला. गा, ल, वा, डी. गालवाडी. म्हटलं, हे कुठलं तरी दुसरंच गाव. आपलं पुढं असेल. बसून राहिले.

पुढच्या डब्यातून आमच्या गावच्या दोन बाया उतरल्या, हे मला मागाहून कळलं. त्यांना काळं अक्षर वाचता येत नव्हतं. त्यांनी शेजारच्याला विचारलं, "गाळवाडी आली का?" आणि उतरल्या. मी कुणाला विचारलं नाही. मला वाचता येत होतं ना.

पुढचं टेशन आलं तेव्हा कळलं. उतरले. परतीची गाडी थेट संध्याकाळी होती. रुळाच्या कडेनं खडीवरून चालत दुपारच्या उन्हात गाव गाठलं. दारात माणसं बसलेली बघितली आणि समजले. आई जाऊन दोन तास झाले होते. शेवटपर्यंत शुद्धीवर होती, सोजर आली का, म्हणून विचारत होती, असं भावानं सांगितलं. मला शाळेत घातलं होतं ते आईनंच. घरातल्या सगळ्यांशी भांडून.

भावजय म्हणाली, "आपलं टेशन कळलं न्हाई तुमाला?"

मी म्हणाले, "बोर्ड वाचला."

 तिचा विश्वास बसला नाही, ते दिसत होतं.

ही गोष्ट गावात फिरली. दहावं झालं त्या दुपारी मी अंगणात भांडी घासत होते. महालिंगआप्पा येऊन उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"सोजर, तो बोर्ड लावायले तवा मी तितंच हुतो. इंजिनेराला म्हणलं, साहेब, ळ पाहिजे, ल न्हाई. तो म्हणला, अब रंग गया, चलता है. मी म्हणलं, चालतंय."

मी हातातलं पातेलं घासतच राहिले. "मग आता काय करायला आलाव?"

"काय करू, ते सांग."

"मला काय इचारताव? गाडीपुढं हुबं राहून बोंबला. गाळवाडी, गाळवाडी म्हणून बोंबलत बसा जलमभर."

मी रागात बोलले. आमच्यात बाया असं बोलतात आणि विसरतात. आप्पांनी मान हलवली आणि ते गेले.

चौदाव्या दिवशी सासरी जायला टेशनावर गेले. गाडी आली. आप्पा खिडकीतून उठले, खोलीला कडी घातली, इंजिनाच्या टोकाला गेले आणि तिथून गार्डाच्या डब्यापर्यंत ताडताड चालत निघाले. प्रत्येक डब्याशी तोंड वर करून ओरडत, "गाळवाडीऽ! गाळवाडीऽ!" ळ असा जोरात की ऐकणाऱ्याची जीभ दुखावी. मला वाटलं, हे माझी थट्टा करतायत. रागानं मी त्यांच्याकडं न बघता डब्यात चढले.

थट्टा नव्हती. सहा वर्षांनी नवरा वारला आणि मी चार शेळ्या घेऊन माहेरी परतले, तेव्हाही ते ओरडत होते. सकाळची गाडी, दुपारची, संध्याकाळची. उन्हात, पावसात, ताप असला तरी. उतरणारं कुणी नसलं तरी. डब्यातली पोरं त्यांची नक्कल करायची, दोन्ही गाल फुगवून "गालवाडी, गालवाडी" म्हणायची. आप्पा त्यांच्याकडं बघायचेही नाहीत. चढणारं कुणी मागं राहिलं असेल तर गार्डाकडं हात उंच करून उभे राहायचे. हात खाली आल्याशिवाय गार्ड झेंडी दाखवायचा नाही. आणि एक गोष्ट मी हळूहळू लक्षात घेतली. त्यांच्या तोंडातून चालतंय हा शब्द गेला होता. भाजी खारट झाली तर ते आता म्हणायचे, "खारट झाली." बायको बिचारी त्यानं जास्तच त्रासली.

माझं घर टेशनाला लागून. शेळ्या चरायच्या त्या रुळाच्या कडेला. त्यामुळं त्यांचं सगळं मला दिसायचं, बघायची इच्छा असो नसो.

तेव्हा पुठ्ठ्याची तिकिटं होती. त्यांवरही छापलेलं गालवाडीच. आप्पा तिकीट हातात देण्याआधी निळ्या पेनानं ल खोडायचे आणि वर ळ काढायचे. एकदा माझा भाऊ ज्ञानोबा परभणीला गेला. तिथं तिकीट तपासणाऱ्यानं त्याला धरलं. तिकिटावर खाडाखोड आहे, म्हणाला. ज्ञानोबाला बसवून ठेवलं. निरोप गावात आला तसे आप्पा खोलीला कुलूप लावून पुढच्या गाडीनं परभणीला गेले.

"हे कुणी केलं?" त्या माणसानं विचारलं.

"म्या केलं."

"कशासाठी?"

"चूक हुती. दुरुस्त केली."

"तुम्हाला अधिकार कुणी दिला?"

"माज्या गावाचं नाव हाय ते. त्याला अधिकार कशाला लागतो?"

ज्ञानोबा सुटला, पण आप्पांना लिहून द्यावं लागलं की यापुढं तिकिटावर पेन चालवणार नाही. परत येताना ज्ञानोबा म्हणाला, "आप्पा, तुमच्या ळ पायी मी सकाळपासून उपाशी हाय." आप्पांनी त्याला गंगाखेडच्या गाडीत भजी खाऊ घातली. शब्द मात्र पाळला. पेन चालवला नाही. त्यानंतर तिकीट देताना तोंडानं म्हणायचे, "गाळवाडी. ळ." आणि त्या माणसानं मान डोलावल्याशिवाय तिकीट सोडायचे नाहीत.

दरवर्षी पोळा झाला की एक दरखास्त लिहायचे. मोठ्या हापिसाला पाठवायचे. बोर्डावर ल च्या जागी ळ करावा, अशी. कितीएक वर्षं उत्तर नाही. मग एकदा आलं. आप्पा ते घेऊन माझ्याकडं आले, कारण गावात दुसरं कुणी त्यांचं ऐकून घ्यायला तयार नव्हतं.

"वाच."

मी वाचलं. टाइप केलेलं होतं. 'गालवाडी' या नावाऐवजी 'गालवाडी' असे करावे ही आपली विनंती मिळाली. त्याप्रमाणे पाहणी केली असता बोर्डावर 'गालवाडी' असेच लिहिलेले आढळले. सबब काही करणे उरत नाही.

मी पदर तोंडाला लावून हसले. त्यांच्या मशीनीत ळ नव्हताच. आप्पा हसले नाहीत. म्हणाले, "आता त्यांना ळ कसा दाखवायचा?" मी म्हणाले, "एक बी पेरून उगवतो का बघा." तेव्हा थोडं हसले.

नंतर एक साहेब तपासणीला आला. हिंदी मुलखातला. बरोबर आपल्याकडचा एक शिपाई. आप्पांनी त्याला बोर्डाखाली नेऊन उभं केलं. मी जवळच शेळ्या घेऊन होते.

साहेब म्हणाला, "अरे बाबा, ल और ळ में क्या फर्क पड़ता है?"

आप्पांनी हात जोडले. "साब, आपका नाम?"

"किशनलाल."

"तो आज से हम किशनलाळ बोलेंगे. चलेगा?"

साहेबाला काही कळलं नाही. शिपाई मात्र तोंड फिरवून हसायला लागला. साहेबानं त्याला दरडावलं तेव्हा त्यानं हनुवटीवरून बोट ओघळत दाखवलं. तोंडातून गळते ती लाळ. साहेबाचे कान लाल झाले. त्यानं वहीत काहीतरी लिहून घेतलं. मग त्याची बदली झाली.

हे सगळं ऐकायला गमतीचं वाटतं. घरात गंमत नव्हती. त्यांच्या थोरल्या लेकीचं लग्न टेशनासमोरच्या अंगणात होतं. मुहूर्त बाराचा, आणि दुपारची गाडी त्या दिवशी नेमकी उशिरा. नवरा-नवरी उभे राहिले, सगळ्यांच्या हातात अक्षता, आणि गाडीची शिट्टी झाली. आप्पांनी एकदा लेकीकडं बघितलं. मग मांडवातून निघाले. मूठ मिटलेलीच. त्या मुठीनं ते इंजिनापासून गार्डापर्यंत ओरडत गेले. परत आले तोवर लेकीचं लग्न लागलं होतं. बायको त्यांच्याशी बोलली नाही. बोलली ती चारचौघांत, "लेकीच्या अक्षता गाडीला वाहून आले."

त्या दिवशी मला राहवलं नाही. जेवणं झाल्यावर त्यांना हातपंपापाशी गाठलं.

"आप्पा, पुरे करा आता. मी त्या दिवशी रागात बोलले."

ते हात धूत होते. "तुज्यासाठी करत न्हाई मी."

"मग कुणासाठी?"

"गाडीत कोण बसलंय, मला काय मालूम? तू बसलेली तरी मला कुठं मालूम हुती?"

 मी त्यांना माफ केलं होतं का? तसा विचार मी केलेला नव्हता. माझी आई गेली ती गेली. पण हेही खरं की एवढ्या वर्षांत त्या फलाटावर उभं राहून मी गावाचं नाव कधी घेतलं नाही. टेशन म्हणायचे, गाव म्हणायचे. ते चार अक्षरांचं नाव तिथं तोंडात यायचं नाही.

मग तिकिटं मोबाइलवर निघायला लागली. खिडकीत येणारी माणसं कमी होत गेली आणि खिडकी बंद झाली. आप्पांचं काम संपलं. ओरडणं संपलं नाही. बायको गेल्यावर तर ते बाकड्यावरच बसून असायचे. लाईनीवर विजेच्या तारा आल्या, तेव्हा जुना बोर्ड काढून नवा लावला. आप्पांना तोवर नीट दिसत नव्हतं. मला म्हणाले, "वाच."

"वरच्या ओळीत गाळवाडी. ळ हाय."

"आन खालच्या?"

"हिंदीत ल च हाय."

"मंजे अर्धं काम झालं," ते म्हणाले, आणि बाकड्यावर जाऊन बसले. मला वाटलं होतं, हा माणूस आज रडेल नाहीतर पेढे वाटेल. तसं काही केलं नाही. संध्याकाळच्या गाडीला उठून पुन्हा ओरडले. मी म्हणाले, "आता बोर्ड झाला की." ते म्हणाले, "घाईत असलेला मानूस बोर्ड वाचत न्हाई माय. आन वाचला तर काय हुतं, ते तुला मालूम हाय."

डोळे फार गेले तेव्हा त्यांचा मुलगा बसवराज, जो परभणीला दुकानात कामाला आहे, त्यांना तिकडं घेऊन गेला. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पाच दिवस फलाटावर कुणी ओरडलं नाही. गाड्या आल्या, थांबल्या, गेल्या. सहाव्या दिवशी दुपारी बसवराजचा फोन आला.

"आत्या, आप्पा ऐकायलेच न्हाईत. घरी जायचं म्हणून हटून बसलेत. मला सुट्टी न्हाई, म्हणून गाडीत बसवून दिलंय. एका डोळ्याला पट्टी हाय, दुसऱ्यानं दिसत न्हाई. शेजारच्याला सांगितलंय उतरवा म्हणून. तरी तुमी जरा टेशनावर जा."

"कोणत्या डब्यात?"

"मधल्या कुठल्या तरी," तो म्हणाला आणि फोन कटला.

मी शेळ्या घेऊनच गेले. फलाटावर मी एकटी. गाडी आली. दारादारांत माणसं लटकलेली, खिडक्यांत डोकीच डोकी. मी पहिल्या डब्यात वाकून बघितलं, दुसऱ्यात बघितलं. तिसऱ्यापर्यंत पोचेस्तोवर अर्धं मिनिट गेलं असेल. माझे गुडघे आता पळायचे नाहीत. कुणी उतरेना. आणि मला एकदम लख्ख दिसलं. हा माणूस आत बसलाय. त्याला दिसत नाही. गाडी कुठं थांबलीय हे त्याला कुणी सांगितलेलं नाही, कारण सांगणारा तो स्वतःच आहे. गाडी हलली की तो पुढं जाईल, बसल्या जागी, माझ्यासारखा.

मी तोंड उघडलं. पहिल्यांदा निघाला तो शेळ्या हाकायचा आवाज. दाराशी उभी असलेली माणसं हसली. मग मी छाती भरून घेतली आणि ओरडले, "गाळवाडीऽ! गाळवाडीऽ!" चालत राहिले आणि ओरडत राहिले. गार्डानं शिट्टी तोंडाला लावलेली दिसली. मी हात उंच केला, आप्पा करायचे तसा. तो थांबला.

मागून तिसऱ्या डब्याच्या दारात आधी काठी आली. मग एक पाय खाली चाचपायला लागला. मी धरायला पोचले तोवर आप्पा आपले आपण उतरले होते. डोळ्यावर हिरवी पट्टी, हातात औषधाची पिशवी. मी हात खाली केला. गाडी गेली.

"शेजारचा मानूस कुठं हाय?" मी विचारलं.

"तो मधीच उतरून गेला." ते कान माझ्याकडं करून उभे राहिले. "कोण बोंबलत हुतं?"

"मी. सोजर."

त्यांनी काठी जमिनीवर टेकवली. मग म्हणाले, "ळ हलका पडला."

"उतरलाव ना तुमी?"

"उतरलो."

"मग चालतंय."

आप्पांनी मान वर केली. पट्टीखालून त्यांना काय दिसणार? पण बराच वेळ ते तसेच माझ्या बाजूला तोंड करून उभे होते.

"चालतंय?" त्यांनी विचारलं.

"हां. चालतंय."

शेळ्या तोवर कुणाच्या तरी हरभऱ्यात शिरल्या होत्या. मी त्यांच्या मागं धावले. त्यांना हाकून रुळापाशी परत आणलं, तेव्हा आप्पा घराच्या वाटेला लागले होते. काठी जमिनीवर टेकवत, सावकाश. ती वाट त्यांना डोळ्यांवाचून येत होती, म्हणून मी हाक मारली नाही. चार दिवसांनी ते झोपेतच गेले. मधे माझी त्यांची भेट झाली नाही.